हात ठेवला की गप्प

…आणि वर मलाच म्हणते, "काका, किती हो समजूतदार तुम्ही." समजूतदार. मी. अहो, बसा ना, सरकतो मी. हे गोल बांधलेलं काय आहे ते मागाहून सांगतो, फुटायचं नाही, टेकलात तरी चालेल. तुमच्या गाडीला अजून वेळ आहे. मला विचारा, माझी हयात ह्याच रस्त्यावर गाडी चालवण्यात गेली. ती पुढच्या चौकात अडकते, तिथून सुटली की चढावर दम खाते, म्हणजे तुम्ही निवांत आहात. तर तुम्हाला सांगतो, माणसाला शेजार भांडखोर मिळावा, चहाडखोर मिळावा, पण समजूतदार मिळू नये. का, तेच सांगतोय. आणि हे गाऱ्हाणं समजू नका. माझं काही अडलेलं नाही.

गोष्ट गिटारची आहे. हो, गिटार. असे बघू नका, बसड्रायव्हरनं गिटार ठेवू नये असा कायदा नाही. विजेवरची, लाल, तरुणपणी घेतलेली. एका हॉटेलातला बँड मोडला, त्यातला एकजण गाव सोडून निघाला होता, त्यानं जाता जाता माझ्या गळ्यात मारली. शिकवलं कुणी नाही. मी शाळेत टिकलो नाही, गिटारच्या क्लासात काय टिकणार. पण चार चाली येतात आणि त्या चार बऱ्या येतात. आमची ही तिला कधी गिटार म्हणाली नाही. फळी म्हणायची. "तुमची ती फळी उचला टेबलावरून, मला ताटं मांडायचीत." फळीच आहे म्हणा. आतून पोकळ नाही, भरीव लाकूड. आवाज सगळा वायरीतून खोक्यात जातो आणि खोक्यातून घरभर.

आता ह्या जुन्या गिटारींना एक खोड असते. खोका चालू केला की त्या गुणगुणतात. घुंऽऽऽ. वाजवा, नका वाजवू, घुंऽऽऽ चालूच. तारांवर नुसता हात ठेवला की गप्प. हात काढला की परत घुंऽऽऽ. ह्याला कारण आहे, दुकानदारानं मला ते नीट समजावलं आणि मला ते नीट समजलं नाही. आमची ही होती तेव्हा प्रश्नच नव्हता. मी गिटार खुर्चीला टेकवून उठलो की ही स्वयंपाकघरातून यायची, ओला हात फडक्याला पुसायची आणि तारांवर ठेवून उभी राहायची. मी आलो की म्हणायची, "घ्या. धरून ठेवली तुमची फळी." बस. मग ती गेली. म्हणजे… गेली. त्यालाही आता बरेच दिवस झाले. मी गिटारची पेटी उघडलीच नाही. मग एकदा उघडली, वायर लावली, खोका चालू केला. घुंऽऽऽ. म्हटलं, असू दे.

मग ते असूच दिलं. सकाळी उठलो की खोका चालू. खोका तापावा लागतो, एवढंच त्यात आहे. दुसरं काही नाही.

तर एके दुपारी दाराची बेल. बघतो तर खालच्या मजल्यावरची नर्सबाई. रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते, म्हणजे झोपायचा प्रयत्न करते. केसांना चिमटा, डोळे सुजलेले.

"काका, माफ करा हं, पण वरून सारखं घुंऽऽ येतंय. तुमचा फ्रिज बिघडलाय का?"

म्हटलं, "फ्रिज नाही. गिटार आहे."

"अगं बाई. वाजवताय?"

"नाही."

"मग?"

"चालू आहे."

 "बघू?" म्हणाली आणि आलीच आत. मी बाजूला झालो. तुम्हाला सांगतो, मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर डोक्यामागं पाटी होती, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. लोक चढले, उतरले, माझ्या मानेकडे बघत प्रवास केला, कुणी बोललं नाही, मला ते बरं होतं. आता गाडी कायमची डेपोत लागली, पण पाटी काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुलगी फोन करते, दूर असते ती. "बाबा, जेवलात? औषध घेतलंत? बरं, ठेवते." ह्यात बोलायला जागा कुठं आहे? हो म्हणायची जागा आहे, ती मी वापरतो.

तर नर्सबाईनं खोडीची गंमत बघितली. हात ठेवला, गप्प. काढला, घुंऽऽ. पुन्हा ठेवला. हसली. म्हणाली, "आमच्या वॉर्डात असे पेशंट असतात हो काका. तपासलं तर काही दुखत नसतं. सारखी बेल वाजवतात. जाऊन हात ठेवला की गप्प."

मी म्हटलं, "असतील. काही माणसांना सवयच असते."

चहा केला. माणूस दारात आलं म्हटल्यावर करावा लागतो. तिनं मेट्रनच्या तक्रारी सांगितल्या, अगदी मेट्रनच्या आवाजात, "सिस्टर, ही चादर आहे की नकाशा?" मी ऐकून घेतलं. ती गेल्यावर कप धुतले. दोन कप धुवायला एका कपापेक्षा जास्त वेळ जातो, हे माणूस विसरतो बघा. अशी ती आणखी एकदोनदा आली. तक्रारीलाच आली. मी काही बोलावलं नव्हतं. माझं काही अडलेलं नव्हतं.

पण शेवटच्या खेपेला तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "काका, खरंच झोप होत नाही हो. काल इंजेक्शन भरताना हात थरथरत होता." आता आली ना पंचाईत. इतकी वर्षं गाडी चालवली, झोप न झालेल्या माणसाचा हात म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. मी उभा राहिलो. म्हटलं, "बाई, पुन्हा तुम्हाला वर यायची वेळ येणार नाही. शब्द."

झालं. शब्द देऊन बसलो. कुणी मागितला होता? बंद ठेवला असता खोका, संपलं असतं. पण नाही, म्हटलं, खोडच काढतो.

गेलो वाद्यांच्या दुकानात. तिथला मिस्तरी चष्मा कपाळावर ठेवून बोलतो आणि डोळे बारीक करून बघतो. "काका, ठेवून जा. मंगळवारी न्या." म्हटलं, माझी गाडी मी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. "मग घरी करणार?" घरीच करणार. "आधी आतून तांब्याचा पत्रा चिकटवा. मग वायरींचे जोड बघा. नाहीच थांबलं तर नवा पिकअप टाका, बिनआवाजाचा." पिकअप म्हणजे तारांखाली असतो तो चुंबकाचा तुकडा, तारेचा आवाज तोच पकडतो. तांब्याचा पत्रा तेवढा घेतला. मग आठवण झाली, स्क्रू नाहीत, परत गेलो. मग डाग द्यायची सळई, परत गेलो. मग तारा. मिस्तरी म्हणाला, "काका, एकदाच काय ते सगळं न्या ना." म्हटलं, एकदम कसं आठवेल? चालायला होतं तेवढंच. हसताय काय? दुकानात स्टूल आहे, बसायला देतात, म्हणून काय झालं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर टाकली, तारा उतरवल्या, पाठ उघडली. आत धूळ किती! सगळी पुसली. मान जिथं धडाला बसते त्या खाचेत कागदाची घडी. काढून बघतो तर बसचं तिकीट. मीच घातलं होतं पूर्वी, मान जरा वर यावी म्हणून. परत होतं तिथं घातलं. तपासनीस आला तर दाखवायला बरं.

तांबं कापलं, चिकटवलं, बोटं कापली, डाग दिला, अंगठा भाजला. सगळं जोडलं, खोका चालू केला. घुंऽऽ अगदी बारीक झालं. म्हटलं, जिंकलो. आणि खोक्यातून एक माणूस बोलायला लागला. खरं सांगतो. "उद्या आकाश ढगाळ राहील…" रेडिओ. कुठला तरी जोड चुकला असणार, फळी रेडिओ पकडत होती. आता ही मोठी चूक, ताबडतोब दुरुस्त करायला हवी, बरोबर? तर मी बसलो. बातम्या झाल्या. मग शेतीबद्दल काहीतरी झालं, माझ्याकडे कुंडीसुद्धा नाही. मग कुणाची तरी मुलाखत. छान बोलत होता हो तो. विचारूनविचारून बोलत होता. "तुम्हाला काय वाटतं?" असं म्हणायचा मधूनमधून. मला विचारत नव्हता, ते कळतं मला.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई जिन्यात भेटली. तोंड फुललेलं. "काका, काल पाहुणे आले होते ना? बोलणं ऐकू येत होतं खाली. बरं वाटलं मला. म्हटलं, आपण कशाला जावं मध्ये."

मी म्हटलं, "हो. गेले."



तो जोड काढला. माणूस गेला. मग नवा पिकअप आणला, बसवला, तारा ओढल्या, खुंट्या पिळल्या, सूर लावले. खोका चालू केला. काही नाही. वाटलं, बटणच दाबलं नाही. दिवा तर लागलेला. तार छेडली तर खणखणीत वाजली, इतकी स्वच्छ की मीच मागे सरलो. बोट उचललं… काही नाही. हात ठेवा, काढा, तिला फरकच नाही. नळाचा थेंब ऐकू आला. घड्याळ ऐकू आलं, जे चालू आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मुलीचा फोन आला. "बाबा, आज मागं तो आवाज नाही?" म्हटलं, दुरुस्त केली. "अरे वा. बरं झालं. ठेवते."

बिस्किटं आणून ठेवली होती. आता शब्द पाळल्यावर माणूस निदान सांगायला तरी येईल, काका, थांबलं हो. नाही. चार दिवस नाही, आठ दिवस नाही. बिस्किटं सादळली. शेवटी जिन्यात गाठ पडली. "काका, काय झोप लागते आता! फार उपकार झाले." आणि गेली खाली. बरोबरच आहे ना? यायचं कारण मीच काढून टाकलं, स्क्रूसकट. मला कोण म्हणत होतं इतकं चांगलं काम करायला?

मग एक वायर सुटली. आपोआप सुटली. म्हणजे गरम सळई लावल्यावर आपोआप. थांबा, मला वाईट समजू नका. तिची झोप मोडायची नव्हती. ती संध्याकाळकडे उठते आणि उठल्यावर ड्यूटीला जाईपर्यंत तिला उसंत असते, हे मला माहीत आहे. त्या वेळेलाच लावला खोका. आणि काय सांगू, आधी घुंऽऽ होतं ते आता भूंऽऽऽ. कपाट थरथरलं. हात ठेवून बघितला, तर आता हात ठेवूनसुद्धा गप्प होईना. त्या वायरीचं कामच ते असावं. असो. चहाचं पाणी ठेवलं, दोन कप. पाणी आटलं. परत ठेवलं. कुणी नाही.

तेव्हा मी जिना उतरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या दारात गेलो. म्हटलं, आवाजाबद्दल दिलगिरी तरी सांगावी. बेल वाजवली, दार वाजवलं, मग दारावर थाप मारली. तेव्हा कुठं उघडलं. मी म्हटलं, "बाई, आवाजाचा त्रास…"

"अं?" म्हणाली आणि कानातून नारिंगी बोळे काढले. "काय म्हणालात काका?"

कानातले बोळे. स्पंजासारखे. शेजारी बांधकाम निघालंय, त्यासाठी आणलेत. हॉस्पिटलात सगळ्याजणी वापरतात म्हणे. "काहीच ऐकू येत नाही बघा. गजरसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून मोबाइल थरथरीवर ठेवून उशीखाली घेते. तुम्ही आता खुशाल वाजवा काका. माझ्यासाठी एवढी खटपट केलीत, दुकानात किती खेपा घातल्यात, मला वाईट वाटत होतं. किती हो समजूतदार तुम्ही." आणि मला पण एक जोडी दिली. "तुम्हालाही होईल बांधकामाचा त्रास."

वर आलो. खोका बंद केला. बोळे घालून बघितले. घालू नका कधी. आतून आपलाच श्वास ऐकू येतो, दुसऱ्याच्या घरात कुणी झोपल्यासारखा.

बसून विचार केला. आवाज जात नाही, पण थरथर जाते. उशीतून जाते, म्हणजे जमिनीतून जायला काय हरकत आहे? सकाळी गेलो दुकानात. मिस्तरीनं चष्मा खाली घेतला. "काका, ड्रम? पायानं वाजवायचा, मोठा? वाजवता येतो?" म्हटलं, ते बघू. "ह्याचा आवाज कानाला कमी आणि जमिनीला जास्त." म्हटलं, बांधा.

तर हे गोल ते आहे. वाजवणार संध्याकाळीच, शब्द तो शब्द.

बघा, आली तुमची गाडी. सांगितलं होतं ना, चढावर दम खाते. चढा, पुढं जागा आहे. ड्रायव्हरशी बोलू नका. मी? नाही, मी बसतो. माझीही हीच होती. पण पुढची येईपर्यंत थांब्यावर कुणीतरी येईलच. माझं काही अडलेलं नाही.