खांबाखांबावरची वर्गणी

नाव : जया कुंडलिक साळवे
वय : सत्तेचाळीस, आधार कार्डावर आहे तेवढं
शिक्षण : तिसरी
धंदा : केटररकडे चपात्या लाटणे
राहणार : पुनर्वसन इमारत, मानखुर्द

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर देते ते असं की,

भीमराज साळवे हे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. माझे पती कुंडलिक मयत आहेत. घरात मामा आणि मी, दोघंच. मामांना विसरण्याचा आजार आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. मी कामावर असते तेव्हा मामा घाटकोपर पूर्वेला एका ट्रस्टच्या केंद्रात असतात. तिथे अशीच म्हातारी माणसं दिवसभर सांभाळतात. मामांची जागा फुकट आहे, लोकांच्या देणगीवर चालते. ती गेली तर मला काम सोडावं लागेल, नाहीतर मामांना घरात कोंडून जावं लागेल. तिसरा मार्ग असला तर हा जबाब लिहिणाऱ्या मॅडमनी सांगावा.

आज केंद्राची देणगी मोहीम होती. ऑफिसातली पोरं पेट्या घेऊन अंधेरीला जाणार होती. एक पेटी चपलांच्या रॅकवर राहिली, ती मामांनी उचलली आणि ते निघाले. तक्रारदार नंदकिशोर हे तिथले मॅनेजर. ते म्हणतात मामांनी चोरी केली आणि मी शिकवून पाठवलं. हे खोटं आहे. शिकवलेलं लक्षात राहत असतं तर मामा केंद्रात कशाला असते?

खरं असं आहे की, आमच्या जुन्या वस्तीत भीमजयंतीची वर्गणी मामाच काढायचे. फट पाडलेली पत्र्याची पेटी. रीत अशी की एकदा पेटी हातात घेतली की एकही दार सोडायचं नाही, आणि संध्याकाळी विहारात सगळ्यांसमोरच उघडायची. मामांना सकाळचा नाश्ता सांगता येत नाही. पण फट असलेली पेटी दिसली की पाय चालू लागतात. इस्त्रीचा शर्ट होता म्हणून दारावर कुणी अडवलं नाही. आजारी दिसले नाहीत, एवढाच गुन्हा.

नंदकिशोर यांचा फोन आला, "बाबा पेटी घेऊन पळाले." मी म्हटलं, "पळाले? त्यांना जिना उतरायला माझा खांदा लागतो." पीठ पुसलं आणि निघाले. कुठे असतील ते मला ठाऊक होतं. आमची वस्ती पाडली तिथे आता टॉवर आहे, केंद्रापासून जवळच. गेटवरचा वॉचमन राजेश म्हणाला, "ताई, आत आहेत. हळू जा, काम चाललंय त्यांचं."

टॉवरच्या खाली नुसते खांब आणि गाड्या. फरशी धुतलेली होती, दिवे तिच्यात उलटे लागले होते. बाहेर ऊन होतं, आत आल्यावर विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. मामा प्रत्येक खांबापाशी थांबत होते. बोटाने टकटक करायचे आणि हाक द्यायचे. हाक वर जाऊन हळूहळू परत यायची, जशी घरातून कुणी ओ द्यावी.

"शांताबाई, जयंतीची वर्गणी!"

शांताबाईंचं घर तिथेच होतं, दाराला पिवळा पडदा. त्या वारल्या. खांबामागे एक मिशीवाला ड्रायव्हर गाडी पुसत होता. तो म्हणाला, "आले आले, थांबा की जरा." खिशातली नोट त्याने फटीत टाकली. मामा म्हणाले, "जय भीम, शांताबाई. बारीक झालात." तो म्हणाला, "जय भीम. पोरं छळतात हो."

पुढे लिफ्टमधून एक बाई दुधाची पिशवी घेऊन आल्या. मामांनी त्यांना वस्तीतल्या विकीची आई केलं. त्या हसल्या नाहीत. पर्स उघडून विचारलं, "यंदा मिरवणूक कुठून?" मामा म्हणाले, "नळापासून, दुसरीकडून कुठून?" आणि नळाकडे वळले. तिथे आता नळ नाही. मधे गटार होतं, तेही नाही. मामांनी पाय उचलून ते ओलांडलं. मागून ड्रायव्हरनेही पाय उचलला. मग मीही उचलला. का ते विचारू नका.

मी तेव्हाच हाक मारून थांबवायला हवं होतं. खाडा पडत होता तरी मारली नाही.

आमचं घर कोपऱ्यातलं. मी पुढे जाऊन त्या खांबाला पाठ लावून उभी राहिले. मामा आले. टकटक केली.

"कुंडलिक आहे का घरात?"

"कामावर गेलाय," मी सांगितलं. हे खोटं मी बोलले, तसं लिहा.

"तू कोण गं?"

"त्याची बायको."

"नवीन दिसतेस. चहा घेतला असता, पण बरीच घरं राहिलीत."

"घरं कुठे पळतायत मामा? बसा जरा."

ते तिथल्या स्कूटरवर बसले. राजेशने आपल्या थर्मासातला चहा दिला. मामा म्हणाले, "कुंडलिकला सांग, संध्याकाळी विहारात ये म्हणावं." मी बरं म्हटलं. पोटमाळ्यावर कुणीतरी चालल्यासारखा आवाज येत होता. वर गाड्या असतील.

तेवढ्यात नंदकिशोर पोलिसांना घेऊन आले. त्यांनी पेटीला हात घातला. मामा म्हणाले, "सगळ्यांसमोर." सोडली नाही. म्हणून पेटी, मामा आणि मी, तिघं रिक्षाने इथे आलो. मागून राजेश आणि तो ड्रायव्हरही आले.

मॅडमनी सगळ्यांसमोर पेटी उघडली. उघडण्याआधी सील जसंच्या तसं होतं. पेटी नेली त्यापेक्षा जड झाली, हे नंदकिशोर स्वतःच बोलले. चोरीची तक्रार ते मागे घेतात. पण म्हणाले, "ताई, निघून जाणारा माणूस आम्हाला ठेवता येत नाही, नियम आहे." मी विचारलं, "दार उघडं कुणी ठेवलं?" ते पेटीतल्या नोटा मोजू लागले. मी म्हटलं, "तुमच्याच पेटीसाठी हिंडले ना ते?" म्हणे, कमिटी ठरवेल.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. उद्या सकाळी मी मामांना घेऊन केंद्राच्या दारात उभी राहणार. कमिटीला नाही म्हणायचं तर मामांच्या तोंडाकडे बघून म्हणावं. मी तिथून हलणार नाही.

मॅडमनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. एके ठिकाणी 'वेडसर इसम' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आणि 'माझे सासरे' करून घेतलं. बाकी मी बोलले तसंच उतरलंय, म्हणून खाली सही करते.

जया कुंडलिक साळवे