जटेतून सुटलेला पहिला केस

बसा मंडळी, बसा! पोरांनो, तुम्ही असे पुढं या. आजचा प्रश्न तुम्हालाच आहे. जे आपल्याला कळत नाही ते देवाचं, असं आपण म्हणतो. बरं! मग जे कळलं, ते कुणाचं? ते काय देवानं टाकून दिलं? हं? नुसत्या माना हलवू नका — विचार करा! तोवर ऐका.

डोंगरापलीकडं आंबेखोरं नावाचं गाव. तिथं शेवंता नावाची बाई आणि तिची लेक यमी. नऊ वर्षांची. केस कसे? कमरेपर्यंत! पण त्या वर्षी पोर महिनाभर तापानं अंथरुणावर पडून. ना न्हाणं, ना वेणी. उठली तेव्हा मानेमागं केसांचा हा गोळा — सुंभासारखा घट्ट!

शेजारच्या भागूबायनं तो पाहिला आणि हातच जोडले. "शेवंते, जट आली गं! देवी आली! आता फणी लावशील तर घराचं वाटोळं होईल. शाळा बंद कर. वयात आली की पोर देवीला सोडायची."

सोडायची! मंडळी, जिला अजून नऊचा पाढा अडतो, ती पोर जन्मभर दारोदार जोगवा मागणार? का? तर ताप आला म्हणून!

शेवंताची धाकटी बहीण कुसुम. तालुक्याला तिचं ब्यूटी पार्लर. ती धावत आली, हातात बोटाएवढी बाटली. "अक्का, हे लॅव्हेंडरचं तेल. जांभळ्या फुलांचा अर्क असतो, फार कडक. वाटीभर खोबरेल घे, त्यात याचे दोन थेंब. दोनच हं! खोबरेलानं गुंता मऊ पडेल, याच्या वासानं पोर निवांत बसेल. रविवारी येऊन मी सोडवते."

आता आपल्याकडं तेल लावणं म्हणजे काय हो? कपाळावरून ओघळलं नाही, तर लावलंच नाही! शेवंता म्हणाली, दोन थेंबांनी काय व्हायचंय? पार्लरवाल्यांची काटकसर ही! आणि तिनं बाटली पालथी केली — थेट टाळूवर! वर दोन्ही तळव्यांनी खसाखसा चोळली.

तासाभरात यमी किंचाळली, "आये, आग होतीय!" टाळू लालभडक! भागूबाय धावली. "सांगितलं नव्हतं? देवी कोपली!"

शेवंतानं जमिनीला कपाळ टेकवलं. "आई, चुकले. पोर तुझीच." यमीचं दप्तर फळीवर गेलं.

दोन दिवसांनी रविवार. कुसुम आली, तर शेवंता दारातच आडवी उभी. "आत येऊ नको. तुझ्या तेलानं देवी बाटली."

कुसुम भांडली नाही, मंडळी. तिनं फक्त पाहिलं. बहिणीच्या हातांना ओली फडकी गुंडाळलेली. "अक्का, हातांना काय झालं?"

"भांडी घासून भेगा पडल्यात. त्यात आग होतीय."

"कधीपासून?"

"तेल चोळलं तेव्हापासून."

"बाटली सगळी ओतलीस ना?"

शेवंतानं मान डोलावली.

"अक्का, तळहातावर केस उगवतो का गं? मग तिथं कुठली जट? तिथं देवी का कोपली?"

अहाहा! ओसरीवर बसलेली भागूबाय उठली. शेवंताचा हात उजेडाकडं धरून तिनं पाहिला, मग यमीची टाळू पाहिली. तोच लाल रंग. म्हातारी हळूच म्हणाली, "तेलच आहे की गं हे."

आठ दिवस टाळू निवू दिली. मग वाटीभर खोबरेल, दोन थेंब — कुसुमनं मोजून टाकले. खोलीभर वास दरवळला. बोटांनी टोकाकडून सुरुवात. पहिला दिवस, काहीच नाही. दुसरा दिवस, यमी पेंगायला लागली, आणि त्या सुंभातून एक केस सुटला. एक! शेवंतानं तो उजेडात धरला. काळा, लांब, अखंड! मंडळी, एका डोक्यावर लाखभर केस, आणि प्रत्येकाला आपापलं मूळ! एवढं कुणी विणलं हो? चार दिवस त्या बायका लाखातला एकेक वेगळा करत होत्या, आणि वाटी कुणाच्या हातात? भागूबायच्या!

पाचव्या दिवशी यमी दोन वेण्या घालून शाळेत गेली. आता सांगा, देवी होती की नव्हती? होती की! कुसुमच्या बघण्यात होती, चार दिवस न थकलेल्या बोटांत होती. कळून घेण्यानं ती कधी बाटत नाही.

आणि बायांनो, मगाचपासून मी बघतोय. आपल्यात एक पोर डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलीय. मी नाव घेणार नाही. भिऊ नको बाळ. आईला घेऊन इकडं ये. आरती थांबेल थोडी, देव कुठं पळून जात नाही. कुणाच्या घरून येतंय खोबरेल?