निखाऱ्याचं कौतुक

रामकृष्ण हरी! या, या — पुढं सरका, मागच्यांना जागा होऊ द्या. खांबाला टेकलेले काका, तुम्ही मात्र तिथंच राहा. डोळा लागलाच, तर खांब तरी धरून ठेवील तुम्हाला!

मंडळी, ऐका. आज राजाची गोष्ट नाही, राक्षसाची नाही. आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. परक्याच्या दुःखानं ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो माणूस चांगला की नाही?

हलल्या! सगळ्यांच्या माना हलल्या! "चांगला बुवा, चांगला!" अहो, हलवणारच तुम्ही, कारण मगाशी पूर्वरंगात निम्मी मंडळी पदरानं डोळे पुसत होती, ते मी इथून बघितलंय. थांबा. गोष्ट संपली की पुन्हा विचारतो. तेव्हा मान हलवून दाखवा!

तर नाशकात एक सोसायटी. चार मजले, खाली पार्किंग, वर गच्चीला लागून हॉल. तिथले सेक्रेटरी अनिरुद्ध कोठावदे. वय असेल चाळिशीच्या आतबाहेर. सालस माणूस! आवाज चढवणार नाही, कुणाला अरे-तुरे करणार नाही. आणि वेड म्हणाल तर एकच — मंगा!

आजोबांनी कान पुढं केला. मंगा म्हणजे काय, बुवा? मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू करायचं, उजवीकडून डावीकडं वाचायचं. हसू नका! सरकारी कचेरीत आपलं काम शेवटच्या खिडकीपासूनच सुरू होतं की नाही? तसंच हे.

त्यातली एक कथा, सत्तावीस भागांची. तिचं जपानी नाव मी घेत नाही, कवळी नवीन आहे. आपल्याकडचे वाचक तिला नुसतं 'निखारा' म्हणायचे. आणि मंडळी, मी वाचलीय! या वयात, भिंग लावून, सत्तावीसच्या सत्तावीस! काय कथा आहे सांगू? आभाळ फाटलंय, समुद्र आटलेत, जग ओस पडलंय आणि पृथ्वीवरचा विस्तव विझलाय. चूल नाही, दिवा नाही, चिता पेटवायलासुद्धा ठिणगी नाही! राखेतून उठलेली जनावरं हिंडताहेत, घराएवढी! आणि एक पोर, सायो नावाची, मडक्यात शेवटचा निखारा घेऊन निघालीय. एक अख्खं पान काळं! नुसतं काळं! आणि मधोमध एक पांढरा ठिपका. तो निखारा. मी त्या पानावर बोट ठेवून किती वेळ बसलो होतो, माझं मलाच कळलं नाही.

आपल्या पुराणाला शोभेल असं आहे हो ते. म्हणून कुणी त्या पुस्तकाला हसणार असेल तर त्यानं आत्ताच उठावं. आपलं भांडण पुस्तकाशी नाही.

तर या अनिरुद्धानं काय केलं? 'निखारा'च्या वाचकांचा मेळावा भरवला! रविवार, संध्याकाळची वेळ. धुळ्याहून माणसं आली, नगरहून आली. प्रत्येकानं उठायचं आणि त्या कथेनं आपल्याला काय दिलं ते सांगायचं. पडद्यावर पानं दाखवायची सोय. समोसे, चहा. सगळं झकास!

आणि वीज गेली.

जाणारच! कार्यक्रम ठरला की तिला बातमी लागते! पण अनिरुद्ध तयारीचा माणूस. भाड्यानं जनरेटर आणून ठेवलेला. तो पावसात भिजायला नको म्हणून ठेवला खाली, जिन्याखालच्या खोलीत. सोसायटीचा वॉचमन भागिनाथ, सुरगाण्याकडचा, त्यानं दोरी ओढली. धड-धड-धड! लागले दिवे! लागला पडदा!

पण आवाज! जिन्यातून थेट हॉलमध्ये! बोलणाऱ्याचं ऐकू येईना. अनिरुद्ध खालच्या जिन्यापर्यंत उतरला, कठड्यावरून वाकला, आणि गोड आवाजात म्हणाला, "भागिनाथ, शटर ओढून घ्या ना जरा. वर ऐकू येत नाहीये काही."

"व्हय साहेब."

"आणि मशीन बंद पडू देऊ नका हं. जवळच बसा."

"व्हय साहेब."

ओढलं शटर. आतून! मशीन आत, धूर आत, माणूस आत! मंडळी, अनिरुद्ध इंजिनियर होता बरं का. बंद खोलीत जनरेटरचा धूर काय करतो, हे त्याला परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात धूर नव्हता. त्याच्या डोक्यात सायो होती!

वर कौतुक सुरू झालं. आणि ते खोटं नव्हतं हो! एक मुलगी उठली, म्हणाली, "बाराव्या भागात ते पिल्लू मरतं ना, त्या दिवशी मी जेवले नाही." एक गृहस्थ उठले, बँकेतून निवृत्त झालेले, राजहंस म्हणून. म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा लोक म्हणाले, हा रडला कसा नाही. मलाही कळेना. पुढं मुलाच्या टेबलावरचं हे पुस्तक सहज उचललं. सायो आईच्या राखेत निखारा पुरून ठेवते, ते पान आलं — आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडलो. माझं रडणं या पुस्तकानं मला परत दिलं."

हॉलमध्ये हुंदके! कुणी चष्मा पुसतंय, कुणी शेजाऱ्याचा हात धरलाय. अनिरुद्ध दाराशी उभा, त्याच्याही गालावर ओघळ. आपल्यासारखी माणसं जगात आहेत, या आनंदानं त्याचा ऊर भरून आलेला.

आणि दार किलकिलं झालं.

बाहेर मनकर्णा. भागिनाथची बायको. अनवाणी — हॉलमध्ये चपला घालून यायचं नाही, हा नियम. हात ओले, पदर खांद्यावरून सुटलेला. तिनं आत बघितलं, आणि हळूच म्हणाली, "दादा, जरा—"

"जरा" एवढंच! पुढचा शब्द अनिरुद्धानं ऐकलाच नाही. त्यानं काय केलं, सांगू? ओरडला नाही. रागावला नाही. असं — हे बघा, असं — ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांनीच म्हणाला, थांबा बाई, पाच मिनिटं. आणि दार लावून घेतलं. हळू! आवाज न होऊ देता!

सभ्य माणूस होता हो तो!

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. टाळ्या! अनिरुद्ध माइकपाशी गेला. त्यानं आपलं सगळ्यात आवडतं पान पडद्यावर लावायला सांगितलं. एकोणिसावा भाग. तटबंदीचं शहर! जगात तेवढीच माणसं उरलेली, आणि सायो त्या शहराच्या दाराशी येते. हात भाजलेत, पाय फुटलेत, मडक्यात निखारा — हरभऱ्याएवढा उरलाय! आत सगळं शहर गुडघे टेकून बसलंय. काय मागतंय देवाकडं? विस्तव! अहो, विस्तव दाराशी उभा आहे, आणि आत विस्तवासाठी प्रार्थना चाललीय!

अनिरुद्ध बोलू लागला. काय बोलला हो! "मित्रांनो, या द्वारपालाचा चेहरा बघा. दुसरा चित्रकार असता तर त्यानं याला क्रूर काढलं असतं, दात-बीत काढले असते. याला बघा. सज्जन आहे हा. याचे डोळे पाणावलेत, कारण हाही आतली प्रार्थना ऐकतोय. हा तिला हाकलत नाही. हा फक्त—"

पडद्यावर पुढचं चित्र आलं.

द्वारपालानं ओठांवर बोट ठेवलंय.

मंडळी! हे चित्र त्यानं आजवर कितीदा बघितलं होतं! त्यावर लिहिलं होतं, लोकांना पाठवलं होतं, घरच्या भिंतीवर लावलं होतं! आणि आज त्या बोटाकडं बघताना त्याचं स्वतःचं बोट त्याला जड वाटायला लागलं. त्यानं दाराकडं पाहिलं. दाराला वरच्या बाजूला काचेची पट्टी. पट्टीपलीकडं मनकर्णा. अजून तिथंच! हात जोडून उभी!

"हा फक्त..." त्याला पुढं बोलता येईना. घसा बंद. ओठ हलताहेत, आवाज नाही.

आणि सभागृहानं काय केलं असेल? सांगा, काय केलं असेल?

टाळ्या वाजवल्या!

अहो, उभं राहून! त्यांना वाटलं, किती हळवा माणूस, बोलतानासुद्धा भरून आलं! राजहंस तर पुढं येऊन त्याला मिठी मारायला निघाले. त्यानं त्यांना बाजूला सारलं. खुर्ची पडली, माइक पडला, कुंई करून किंचाळला. अनिरुद्ध धावत दाराशी!

"काय झालं? मनकर्णाबाई, काय झालं?"

"दादा, ह्ये खाली पडल्यात. चक्कर आली वाटतं. म्या शटर अर्धं वर केलं, पाय धरून वढलं, पर हलंनात. दोन मान्सं पायजेत."

शटर! तो शब्द ऐकला मात्र, त्याच्या पायाखालचे जिने कुठं गेले, त्याला कळलं नाही. तो पळाला की पडत गेला, त्याचं त्याला ठाऊक नाही. खाली खोलीत निळा धूर. अर्ध्या उचललेल्या शटराबाहेर दोन पाय! एका पायात चप्पल. तोंड आत. मशीन धडधडतंय, कारण सांगितलं होतं ना, बंद पडू देऊ नका!

त्यानं श्वास रोखून आत वाकून मशीन बंद केलं. त्यासरशी वर हॉलमध्ये अंधार! आणि मंडळी, त्या अंधारातसुद्धा वर कुणीतरी म्हणालं, "वा! काय योजलंय! ते काळं पान!"

हसू नका. हसू नका हो! आपण असतो तर आपणही हेच म्हणालो असतो.

मग आले सगळे खाली. आल्यावर मात्र कुणी मागं राहिलं नाही, तेही सांगतो. उचललं, राजहंसांच्या गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "ते शटर तेवढं वर केलं, म्हणून आहे. त्यात निम्मा जीव वाचला. पण उशीर झालाय. थोडं आधी आणलं असतं तर..." थोडं आधी म्हणजे केव्हा, ते अनिरुद्धाला माहीत होतं.

जगला! भागिनाथ जगला, मंडळी, सोडा श्वास! पण हात कापतो, आणि नावं विसरतो. शुद्धीवर आला, बायकोकडं पाहिलं, आणि तिचं नाव काही केल्या आठवेना. मग अनिरुद्धाकडं पाहिलं. नाव नाही आठवलं, पण 'साहेब' आठवलं! थरथरते हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळं जगलो. देवमाणूस तुमी."

कौतुक! पुन्हा कौतुक! त्या कौतुकानं अनिरुद्धाला चाबूक मारल्यासारखं झालं. तो बाहेर पडला. बाहेर बाकावर मनकर्णा बसलेली. तो तिच्या पुढ्यात खाली फरशीवर बसला. इस्त्रीच्या पँटीत! आणि म्हणाला, "बाई, तुम्ही ओरडला का नाहीत? मी दार लावलं, तर लाथ मारून उघडायचं होतं! माझी कॉलर धरायची होती! नवरा खाली पडलाय आणि तुम्ही हात जोडून उभ्या? का? माझ्या भीतीनं?"

ती म्हणाली, "भीती न्हाई, दादा."

"मग?"

"तुमी समदे रडत हुता ना. येवढी मोठाली मान्सं. मला वाटलं, तुमच्यात कुनीतरी वारलंय. दुःखाच्या घरात आपलं रडगानं कसं सांगायचं?"

...

पेटीवाले, थांबा. सूर नको इथं.

ऐकलंत? तिच्या नवऱ्याचा जीव चाललाय, आणि ती यांच्या दुःखाचा मान राखतीय! जी कधी जन्माला आली नाही, अशा पोरीसाठी रडणाऱ्यांचा मान! सत्तावीस भाग वाचून जे अनिरुद्धाला आलं नाही, ते ती दाराबाहेर उभी राहून करत होती, आणि काच मध्ये होती!

आता म्हणाल, बुवा, म्हणजे पुस्तक फुकट? नाही! अहो, त्याचा घसा धरला कुणी? पुस्तकानंच! त्याला खाली पळवलं कुणी? त्या चित्रातल्या बोटानंच! पुस्तक किती दिवस त्याला सांगत होतं, 'अरे, हा तू आहेस.' आणि तो म्हणत होता, 'वा, काय सुंदर काढलाय!' कौतुक करता करता ऐकायचं राहून गेलं, मंडळी. आणि आपण तर पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन ऐकतोय!

तर आता पहिला प्रश्न पुन्हा विचारतो. परक्याच्या दुःखानं ज्याला रडू येतं, तो माणूस चांगला का? हं? कुणाची मान हलेना?

मला डोळे दिसताहेत तुमचे. ओले आहेत. त्या मावशी तर हुंदका आवरताहेत. उद्या सगळीकडं सांगाल — काय रंगवलं हो बुवांनी, अंगावर काटा आला! सांगू नका. मला भीती वाटते त्याची.

त्यापेक्षा एक करा. हे दिवे जळताहेत, हा माइक बोलतोय. मंडपाच्या मागं, कनातीच्या पलीकडं, टेम्पोपाशी एक माणूस मशीन सांभाळत बसलाय. संध्याकाळपासून. त्याचं नाव काय? अध्यक्ष, तुम्हाला माहीत आहे? चिटणीस? ज्यांनी त्याला आणला, त्यांना तरी? त्यानं पाणी प्यायलंय का? कुणी विचारलं? हात वर करा.

एकही नाही.

अहो, टाळ्या कसल्या वाजवताय! टाळ्या नकोत! उठा कुणीतरी. आता गजर करायचा असतो, मला माहीत आहे, आरतीची तबकं तयार आहेत, तेही दिसतंय. थांबेल आरती. जा, त्याला नाव विचारून या, आणि तो येत असेल तर हाताला धरून इथं पुढं आणून बसवा. हां — चाललात? पाण्याचा तांब्या न्या बरोबर!

बाकीचे बसा शांत. तो आला, त्याचं नाव मला कळलं, की मग विठ्ठलाचं नाव घेईन. तोवर माझ्या तोंडून ते निघायचं नाही.