पऱ्यापलीकडे मोटार

गावात मोटार आली असं लोक म्हणतात, पण ते खोटं आहे हो. मोटार आम्ही आणली, तीही खांद्यावरून!

इंग्रजांच्या वेळची गोष्ट. मी नवी सून. गावातली माणसं आणि रस्ते यांची नोंद करायला तालुक्याचे कारकून भाड्याच्या मोटारीनं आले आणि वाटेतल्या ओढ्याशी, आमच्या पऱ्याशीच, अडले. पाणी घोटाभर, पण दगड एवढाले! आमचं गाव पलीकडे.

मोटारीत बसूनच त्यांनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे गावचे प्रमुख असलेल्या गावकरांना, सांगितलं, "मोटार पोचत नाही, असं लिहितो."

तसं लिहिलं की उतारूंची सर्व्हिस मोटार विसरा. आजारी माणूस पुन्हा डोलीतनंच न्यायचा.

सासरे म्हणाले, "रावसाहेब, आमी पोचवतो."

"कोण पोचवणार? गावात उरलंय कोण? पुरुष सगळे मुंबईला!"

अहो, शिमगा होता! शिमग्याला आमच्याकडचा मुंबईकर घरी आला नाही, असं होतच नाही. सासऱ्यांनी हाक मारली, तशी देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर ठेवून सगळे धावत आले. मोटारीखाली बांबू घातले, ढोल वाजला आणि कारकुनांसकट मोटार खांद्यावर! पऱ्या ओलांडून देवळापुढे आणली आणि तिथं पालखीसारखी नाचवायला लागले.

"पोचली! पोचली असं लिहितो! आधी खाली ठेवा!" कारकून ओरडले.

सासरे म्हणाले, "आदी लिवा. आनि वर बसलाच आहात, तर मानसं पन मोजून घ्या."