माणची केबल तुटलेली नाही

(माण. जेसीबीनं उकरलेल्या चरात फायबर जोडणारा शहनवाज उकिडवा बसलाय, काठावर जमीनमालक हैबतराव. फोन स्पीकरवर, पलीकडे पुण्यातल्या कंट्रोल रूममधली सृष्टी.)

शहनवाज : मॅडम, केबल तुटली. दोन्ही तुकडे माझ्या हातात हायेत.

सृष्टी : केबल तुटलेली नाही. माझ्या स्क्रीनवर हिरवी आहे.

हैबतराव : अगं पोरी, मीच तोडली. माझ्याच जेसीबीनं.

सृष्टी : काका, तसं काही झालेलं नाही.

हैबतराव : बरं. मंग माझे भाडेकरू सकाळधरनं गच्चीवर मोबाईल वर धरून का उभे हायेत?

सृष्टी : त्यांना राउटर बंद करून चालू करायला सांगा.

हैबतराव : केलं. आता पंखेबी बंद-चालू करत्यात.

शहनवाज : मॅडम, केबल तुटली की लेझर आपोआप बंद व्हतो. जोडणाऱ्याचे डोळे वाचावेत म्हणूनच ती सोय हाय. झाला का बंद?

सृष्टी : कसा होईल? परतीचा उजेड थांबला, तरच तो बंद होतो. इथं केबलचा एक छोटा तुकडा लावून त्याचाच थोडा उजेड त्याच्याकडे परत फिरवलाय. त्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

शहनवाज : फिरवला कुणी?

सृष्टी : साहेबांनी. मागच्या वेळी तो बंद पडला आणि स्क्रीन लाल झाली. साहेबांना लाल चालत नाही.

हैबतराव : पर शानवाज, टोकाला उजेड कुटं दिसतोय?

शहनवाज : चालू असला तरी दिसत न्हाई, काका. डोळा गेला की कळतं, चालू व्हता.

हैबतराव : मंग तपासायचं काय यंत्र असंल की!

शहनवाज : मीटर हाय. महाळुंग्याला गेलाय. मॅडम, तो तुकडा काढा की जरा वेळ.

सृष्टी : अलार्म वाजल्याशिवाय हात लावायची परवानगी नाही.

शहनवाज : आन् तुकडा असंस्तोवर अलार्म वाजायचा न्हाई.

सृष्टी : बरोब्बर. तुम्हाला लवकर कळलं.

शहनवाज : माझ्याआधी हितं जोडायला असलेल्या विश्रामचे डोळे असेच गेले ना?

सृष्टी : कंपनीनं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही हं. त्याला मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. इथंच स्क्रीन बघायला बसवलाय. हिरवी असल्याचं त्यानंच सांगितलं.

हैबतराव : ऊठ लेका, चल घरी.

शहनवाज : उठलो तर काम जातंय, बसून जोडायला टोकात बघितलं तर डोळा. काम एकच हाय, काका. डोळे दोन.

हैबतराव : कुठल्यानं बघणार?

शहनवाज : डाव्या. तो पहिल्यापासनं जरा अधूच हाय.

सृष्टी : लेखी काही द्यायचं असेल तर सांगा, मी नोंद करते.

शहनवाज : लिवा. प्रति, लेझर महोदय, यंत्र कक्ष. विषय : स्वतःहून बंद होणेबाबत. मौजे माण, तालुका मुळशी येथे इसम काम करीत असून, आपण साहेबांचे न ऐकता थोडा वेळ बंद व्हावे, ही नम्र विनंती.