सुनीतीताईंनी पुढे ढकललेला सामना

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मंडळाच्या आधारस्तंभ विमलताई; व्यासपीठावर असलेले आमचे जुने मित्र चंद्रहास कारखानीस; जिच्यासाठी आपण सगळे पामर्स्टन नॉर्थचा वारा खात इथवर आलो ती सत्कारमूर्ती सुनीती देवस्थळी; फील्डिंगहून, लेविनहून गाडी हाकत आलेली मित्रमंडळी; लेकीसुनांकडे मुक्कामाला असलेले आणि पुढच्या रांगेत शाली पांघरून बसलेले सगळे आईबाबा; आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली आमची तरुण मंडळी, किया ओरा आणि नमस्कार.

सुनीतीताई तेरा वर्षांनी हे गाव सोडून ऑकलंडला, हिल्सबरोला, लेकीजवळ राहायला निघाल्या आहेत. त्यांच्या गणिताच्या अध्यापनाबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. त्यांच्या पुरणपोळीबद्दलही सांगितलं. मग माझ्यासाठी काय उरलं? विमलताई म्हणाल्या, "पुरुषोत्तम, तू बास्केटबॉलचं बोल." मी म्हटलं, ते बोलायला चंद्रहासची परवानगी लागेल. तो म्हणाला, "बोल. पण माझी बाजू मऊ करू नकोस." तेव्हा तो इथे माझ्या उजव्या हाताला बसलेला असताना मी बोलणार आहे. आणि हो, ताई-बाई एवढ्यावरच थांबवतो. मी हिला कायम सुनीतीच म्हणत आलोय.

पुढच्या रांगेतल्या आईबाबांसाठी एक खुलासा. इथे कॉलेज म्हणजे आपली माध्यमिक शाळा. सुनीती केल्विन रोड कॉलेजात शिकवायची आणि तिथल्या मोठ्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच होती. चंद्रहास मातीचा शास्त्रज्ञ, पण पुण्यात असताना विद्यापीठाकडून खेळलेला. तो सेंट बार्नबस कॉलेजच्या मुलींना शिकवायचा. आणि मी? मी या भागातल्या शाळांच्या सामन्यांचा ड्रॉ काढायचो. कोण, कुणाशी, कुठे, कधी, एवढंच ठरवायचं. सोपं वाटतं ना? दोन विहिणींना एका पंगतीत बसवणं त्यापेक्षा सोपं.

कारण या दोन्ही शाळा मधल्या फळीतल्या. वेलिंग्टनच्या बड्या शाळा आपल्याशी सराव सामने खेळत नाहीत. जिंकल्या तर त्यांच्या पदरात काही पडत नाही, हरल्या तर नाक कापलं जातं. खालच्या शाळांना हरवून आपल्या मुली काही शिकत नाहीत. म्हणजे तोडीस तोड असं या दोघींना एकमेकींशिवाय कुणीच नाही. आणि नेमक्या त्याच एकमेकींचं तोंड पाहायला तयार नाहीत! बार्नबसचं जिम नवीन, त्यांना वाटे सामना आमच्याकडेच व्हावा. केल्विन रोडचं जिम जुनं, तिथली लाकडी जमीन घसरते म्हणून बार्नबसवाले यायला नाखूष. दर मोसमाला दोघांचे फोन मला. सुनीती म्हणायची, "आमच्या मुलींनी काय कायम दुसऱ्यांच्या दारातच खेळायचं?" चंद्रहास म्हणायचा, "पाय मुरगळला तर तू येणार का बर्फ लावायला?"

त्यात २००३ साली एक प्रकार घडला. केल्विन रोडच्या निम्म्या मुली फ्लूने अंथरुणाला खिळल्या. सुनीतीने चंद्रहासला फोन करून सामना पुढे ढकलायची विनंती केली. आमचा नियम असा की दोन्ही शाळा कबूल असतील तरच तारीख बदलते. नाहीतर जो संघ उतरणार नाही तो डिफॉल्ट, म्हणजे न खेळता हरला. चंद्रहास म्हणाला, "नियम तो नियम." बार्नबसला न खेळता विजय मिळाला आणि विभागीय स्पर्धेला तेच गेले. त्या वर्षीच्या गणपतीत हे दोघं याच हॉलच्या दोन टोकांना बसले होते. आरतीचं ताट हिच्याकडून त्याच्याकडे मला न्यावं लागलं. हसताय? मला तेव्हा हसू येत नव्हतं.

आता येतो २००५च्या ऑगस्टकडे.

शेवटचा साखळी सामना, शुक्रवारी, केल्विन रोड विरुद्ध सेंट बार्नबस. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला जाणार, हरणाऱ्याचा मोसम तिथेच संपणार. केल्विन रोडकडे त्या वर्षी सीना होती. सामोअन घरातली, शेवटच्या वर्षातली मुलगी. उंच, शांत, आणि चेंडू हातात आला की समोरच्या पाचही जणींना कळायचं नाही की ही कुठून निघून गेली. केल्विन रोड जिंकणार हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं.

बुधवारी बार्नबस संघातल्या अरोहाची आजी वारली. अरोहा आणि तिच्या दोन चुलतबहिणी, तिघी एकाच संघात. माओरी कुटुंबात माणूस गेलं की सगळं गणगोत मराएवर, म्हणजे कुळाच्या सभागृहात, जमतं. माती होईपर्यंत गेलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं. त्याला तांगी म्हणतात. माती व्हायची होती शनिवारी, वांगानुईच्या वरच्या अंगाला. त्या तिघी गेल्या. आणखी एकीचं बोट मोडलेलं. बार्नबसकडे उरल्या चार. पाच जणी नसतील तर सामना सुरूच होत नाही.

गुरुवारी सकाळी चंद्रहास माझ्या ऑफिसात आला. दुपारी बारापर्यंत दोन्ही शाळांची संमती आली तरच मला ड्रॉ बदलता येत होता. तो म्हणाला, "तू सांग तिला."

मी म्हटलं, "मी ड्रॉ काढतो. मध्यस्थी करत नाही. तिचा नंबर आहे तुझ्याकडे."

"ती काय म्हणेल ते मला माहीत आहे."

"मग कशाला आलास?"

त्याने खुर्ची ओढली. मग म्हणाला, "त्या मुलींनी मला विचारलं, सर, आम्ही शुक्रवारी परत येऊ का? आजीला तिथे सोडून. मी नको म्हटलं. आता डिफॉल्ट झालो तर त्या स्वतःला दोष देतील." आणि माझ्याच टेबलावरच्या फोनवरून त्याने नंबर फिरवला. मला फक्त त्याची बाजू ऐकू येत होती. "सुनीती, चंद्रहास बोलतोय." मग तो तिकडचं ऐकत राहिला. मग, "हो. मला आठवतं. मी तेव्हा नाही म्हटलं होतं." मग माझ्या कॅलेंडरकडे बघत, "मंगळवार. बुधवारी विभागीय स्पर्धेला नावं पाठवायची आहेत, त्यामुळे मंगळवारच." आणि फोन ठेवून तो म्हणाला, "विचार करते म्हणाली."

मंगळवार! मंडळी, सोमवारी सीनाचं विमान होतं. बहिणीच्या लग्नाला सगळं घर सामोआला निघालेलं, तिकिटं कधीच काढलेली. सामना शुक्रवारीच ठेवला तर सुनीतीला न खेळता विजय. मंगळवारी झाला तर सीनाशिवाय खेळायचं. तुम्ही काय केलं असतं? उत्तर देऊ नका, मनातच ठेवा.

त्यानंतर शाळेत काय झालं ते सुनीतीने मला पुढे कधीतरी सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आपण कुणाचं बोट मोडलेलं नाही, आजीला मारलेलं नाही. डिफॉल्ट घ्या." मधल्या सुट्टीत तिने मुलींना जिममध्ये बोलावलं. काही म्हणाल्या खेळू या, काही खाली मान घालून बसल्या. सीना उभी राहिली.

"मिस, आपण आजारी होतो तेव्हा ते थांबले होते का?"

"नाही."

"माझं शेवटचं वर्ष आहे. मला पुढच्या वर्षी संधी नाही. इट्स नॉट फेअर, मिस."

"नाहीच आहे," सुनीती म्हणाली.

"मग?"

सुनीतीने मुलींना वर्गात पाठवलं. आणि दुसरी एक गोष्ट तिच्या मनाला डाचत होती. सीना नसली की तिच्या जागी कोण खेळणार? राखीव खेळाडू होती स्नेहल. तिची स्वतःची मुलगी. लोक काय म्हणतील हे तिला न सांगताच ठाऊक होतं. आणि पुढे ते म्हणालेही. आपल्या पोरीला खेळवायला बाईंनी सामना पुढे ढकलला, असं काही पालक उघड बोलले. काही आपलेच होते.

बाराला थोडाच वेळ असताना माझा फोन वाजला.

"लिही," ती म्हणाली. "मंगळवार."

"सीना?"

"सीना नसेल."

"मुख्याध्यापकांना सांगितलंस?"

"आता सांगायला जाते. आणि पुरुषोत्तम, एक अट आहे. सामना आमच्या जिममध्ये. घसरली जमीन तर घसरली."

म्हणजे बघा, हिला कुणी संत समजू नका. एवढ्या गडबडीतही हिने घरचं मैदान पदरात पाडून घेतलं! चंद्रहासने एका शब्दाने वाद घातला नाही.

मंगळवारी जिम भरलं होतं, पण तिथली हवा काही चांगली नव्हती. केल्विन रोडचे पालक सुनीतीशी बोलत नव्हते. अरोहा आणि तिच्या बहिणी आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले दिसत होते. त्यांच्या चारपाच मावश्या काळ्या कपड्यांत कोपऱ्यात बसल्या. मी टेबलावर, घड्याळापाशी.

सीना नसताना त्या मुली कशा खेळल्या, काय सांगू! स्नेहल पहिल्या अर्ध्यात घाबरलेली होती. तिच्या हातून दोनदा चेंडू निसटला आणि दोनदा पालकांतून कुणीतरी कुत्सित हसलं. सुनीती आई म्हणून उठली नाही, कोच म्हणून तिने तिला बाहेरही काढलं नाही. हळूहळू स्नेहल सावरली. शेवटच्या मिनिटाला केल्विन रोड एका गुणाने पुढे होतं. आणि तेवढ्यात केल्विन रोडच्या मुलीकडून अरोहाला फाउल. तिला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता चेंडू टाकायच्या दोन संधी.

घरच्या पोरांनी पाय आपटायला सुरुवात केली. जुनी लाकडी जमीन, सारं जिम ढोलासारखं घुमायला लागलं. अरोहाने चेंडू हातात घेतला, परत खाली आपटला, परत घेतला.  आणि सुनीती उठली. आपल्याच पोरांकडे वळून तिने हात वर केला. एवढंच. आवाज थांबला. मी चंद्रहासकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, अरोहाकडे नाही.

पहिला थ्रो आत गेला. दुसराही गेला. बार्नबस एका गुणाने पुढे.

काही सेकंद उरलेले. चेंडू स्नेहलकडे आला. तिने टाकला. चेंडू रिंगवर बसला, फिरला, आणि बाहेर पडला.

केल्विन रोड हरलं.

कुणी ओरडलं नाही. बार्नबसच्या मुलींनीही उड्या मारल्या नाहीत. मग कोपऱ्यातल्या त्या मावश्या उभ्या राहिल्या आणि हरलेल्या संघाकडे तोंड करून त्यांच्या भाषेत गाऊ लागल्या. शब्द मला कळले नाहीत. पण केल्विन रोडच्या मुली रडायच्या थांबून ऐकत राहिल्या. स्नेहल मात्र आईच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "सॉरी, मम्मा." सुनीती म्हणाली, "शॉट बरोबर होता गं. तोच टाकायचा होता." स्नेहल आज ऑकलंडहून आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. स्नेहल, मी त्या टेबलावर होतो. शॉट खरंच बरोबर होता.

पुढचं गोड गोड सांगून तुम्हाला फसवणार नाही. पुढच्या मोसमात शाळेने मोठ्या मुलींचा संघ सुनीतीकडून काढून दुसऱ्याला दिला. कारण विचारलं तर म्हणे, नवा दृष्टिकोन हवा. तिने तक्रार केली नाही, नववीच्या छोट्या मुली घेतल्या आणि गेल्या आठवड्यापर्यंत त्यांनाच शिकवत होती. बार्नबस विभागीय स्पर्धेत पहिल्याच दिवशी बाहेर पडलं. म्हणजे हाती कुणाच्याच काही लागलं नाही, असं म्हणायचं का?

त्याच वर्षी आमच्या सामन्यांच्या वार्षिक सभेत चंद्रहास उभा राहिला. घरात मृत्यू झाला किंवा संघ आजारी पडला तर डिफॉल्ट धरू नये, असा ठराव त्याने मांडला आणि तो मंजूर होईपर्यंत तो खाली बसला नाही. त्या गणपतीत तो सरळ हॉलच्या या टोकाला आला, सुनीतीसमोर उभा राहिला. "ते फ्लूचं वर्ष..." एवढंच त्याला बोलता आलं. सुनीती म्हणाली, "ते राहू दे. पुढच्या वर्षी पहिला सामना आमच्याकडे." आणि तेव्हापासून दर मोसमाला दोन्ही शाळा दोन सामने खेळतात, एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे. मला फोन येत नाहीत. खरं सांगू? जरा चुकल्यासारखंच होतं.

राहिली सीना. ती सामोआहून परतली तेव्हा शाळेच्या दारात सुनीतीला टाळून गेली. तेवढ्यावरच राहिलं असतं. पण ती आता इथल्याच हॉस्पिटलात नर्स आहे, आणि आजच्या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला मीच तिला फोन केला होता. म्हटलं, येशील का? ती म्हणाली, ड्यूटी आहे. मी म्हटलं, काही निरोप? मग म्हणाली, "मिसला सांगा, मी अजून रागावलेली आहे."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तीच पुन्हा बोलली. "आणि सांगा, ऑकलंडला पोचल्यावर मला फोन करा. रस्ता लांब आहे, मला काळजी वाटते."

सुनीती, निरोप पोचवला.

विमलताई, मला दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोललो आणि तुम्ही घड्याळाकडे न बघितल्याचं नाटक केलंत, त्याबद्दल तुमचे आभार. चंद्रहास, तू बोलू दिलंस, तुझेही. स्वयंपाकघरात राबणाऱ्या मंडळींचे आणि इतका वेळ भूक आवरून ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचेही. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर तो माझ्या वयाच्या खात्यावर टाका आणि मोठ्या मनाने पोटात घाला. नमस्कार.