मला विचारूनच काढलेली सरासरी

टायरच्या दुकानात स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत ती बाकावर बसली होती. रोज पाच-सहा ट्रकवाल्यांना फोन करून प्रत्येक मार्गाचं सरासरी भाडं काढायचं आणि ते मोबाईलच्या ॲपवर टाकायचं, ही तिची नोकरी. शेजारी दोन ट्रकवाले बोलत होते, दाजी आणि त्यांचा मेहुणा.

"दाजी, बंदरावरून माल आणायला दलाल अठरा हजार देतोय. अकराचं तर डिझेलच जातं."

"मग नाही म्हणायचं."

"म्हटलं. तर मोबाईल नाचवला माझ्यापुढे. म्हणे, सरासरीच अठरा आहे, तू काय आभाळातून पडलास?"

"अरे, पण ही सरासरी काढतात कोणाला विचारून?"

"मलाच विचारून. ताईच्या ऑपरेशनच्या दिवशी मी बंदरावर अडकलो होतो. गाडी लगेच निघावी म्हणून चौदा हजारांत माल भरला. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला, भाडं किती घेतलं म्हणून. मी खरं ते सांगितलं."

"का भरलास, ते विचारलं नाही?"

"नाही. आभार मानले आणि फोन ठेवला."

"हे तू मला बोलला नाहीस."

"तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभे होतात, दाजी. तेव्हा काय भाडं सांगत बसू?"

"दादा," ती म्हणाली, "तो फोन मी केला होता."

दोघं तिच्याकडे वळले.

"मग आता विचारा, चौदात का भरला ते," मेहुणा म्हणाला.